रविवारपर्यंतचा तक्ता

५ फेब्रुवारी, सोमवार
कमाल आहे या लोकांची. आज सोमवार, आणि शीतखोलीच्या तापमानाचा तक्ता येत्या रविवारपर्यंत भरून तयार! दर दोन तासांनी काटा बघून आकडा लिहायचा असतो. काका म्हणाले, "अगं, कायम चारच असतं. एकदाच लिहायचं आणि मोकळं व्हायचं. इथे सगळे असंच करतात." काका म्हणजे बाबांचे मित्र, गोदामातले सर्वांत जुने.

एक नंबरची खोली त्यांची, दोन नंबरची माझी. दोन्हींत इन्सुलिन. बाबाही इथलंच टोचून घेतात — आम्हाला स्वस्त पडतं. मी नाही बाई असे आकडे आधीच भरून ठेवणार.

६ फेब्रुवारी
चार, पाच, साडेचार. खरं तेच लिहिलं. माझं नाव 'थर्मामीटर' ठेवलंय. ठेवा.

८ फेब्रुवारी
सकाळी काटा उणे तीनवर. कूलिंगचं मशीन रात्रभर न थांबता चालू राहिलं होतं, आणि दोन्ही खोल्यांना मशीन एकच. गोठलेलं इन्सुलिन वितळलं की दिसतं तसंच, पण टोचून उपयोग शून्य. उणे तीन लिहिलं.

काका बघत राहिले. "खोड ते. अख्खा माल फेकावा लागेल. सगळ्यांच्या पोटावर पाय देशील." ही नोकरी त्यांनीच लावून दिलीये. वर तोंड करून बोलायचं तरी कसं? नाही खोडलं. पण जेवणाचा डबा तसाच परत आणला.

९ फेब्रुवारी
तपासणीस आले. दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले. काकांचा सुबक, सगळीकडे चार — लगेच सही. माझ्या उणे तीनवर बोट ठेवून म्हणाले, "नवीन आहेत का? काटा वाचायला शिकवा जरा." गोदामाचे साहेब हसले. मी बोलणार, तेवढ्यात काकांनी हळूच नकारार्थी मान हलवली. मी तक्ता उचलून परत जागेवर ठेवला.

संध्याकाळी दोन्ही खोल्यांतला माल गाडीत चढला. मी दारात उभी. साहेब जाता जाता म्हणाले, "सोमवारी तुम्हाला कायम केल्याचं पत्र काढतोय. काढू ना?"

"काढा," म्हटलं. स्वतःचाच इतका राग आला की घरी येऊन आईवर ओरडले. तिला बिचारीला काही कळलंच नाही.

१२ फेब्रुवारी, सोमवार
पत्र मिळालं. तक्ता भरला, रविवारपर्यंत.

येताना बाबांचं इन्सुलिन बाहेरच्या दुकानातून घेतलं, परदेशातून आलेलं. "तुमच्याकडचं का नाही?" बाबांनी विचारलं.

"संपलंय," म्हटलं. जरासुद्धा अडखळले नाही.