रस्ता वर गेला आणि सरपंच खाली आली

श्रीयुत व्यंकटराव, आमचे व्याहीबुवा, मुक्काम पूर्णा, यांना सटवाजीचा दोन्ही हातांनी रामराम. विहीणबाईंना नमस्कार सांगा. तुमची साखर आता ताब्यात असेल, आणि रेल्वेतून निवृत्त होऊनही रोज स्टेशनावर जाऊन गाड्यांना उशीर किती झाला ते बघायची तुमची सवय सुटली असेल, अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल. शेजारच्या बायनाबाईला नवे दात बसवले, त्यामुळं तिचं बोलणं आता जास्तच स्पष्ट ऐकू येतं. फोनच केला असता, पण तुम्ही फोन मोठ्या आवाजावर ठेवता आणि आमच्या घरची गोष्ट सगळ्या जंक्शनला कळते. म्हणून पत्र.

तुम्ही विचारलंत की एवढा निधी आणूनही आमची लेक निवडणुकीत पडली कशी, आणि आता तरी तिचं राजकारण बंद करा म्हणून रागावलात. राग रास्त आहे. राजेश्री तुमची लेक, माझी सून आणि पाच वर्षं गावची सरपंच, म्हणजे मला घरात तिन्ही बाजूंनी जपून राहावं लागलं. तरी झाला प्रकार खुलासेवार लिहितो.

मागच्या साली बाजार थंडावला म्हणून सरकारनं गावोगाव पैसा सोडला. पालमच्या तालुका कार्यालयात साहेबांनी आम्हाला समजावून सांगितलं, की गावात काम काढलं की मजुराला मजुरी मिळते, दुकानदाराला गिऱ्हाईक मिळतं, आणि असा पैसा फिरत राहिला की मंदी उठते. मी चौथी शिकलेला (पुढचं शिक्षण भज्यांच्या पुड्यांच्या कागदावर झालं), तरी मला पटलं. बसलेल्या बैलाला उठवायचं तर शेपूट पिरगाळावंच लागतं. फक्त पिरगाळणाऱ्यानं मागं उभं राहू नये, लाथ बसते, एवढं साहेबांनी सांगितलं नाही.

राजेश्रीला पाहिजे होता जनावरांचा दवाखाना. पण पैसा मार्चच्या आत संपवायचा होता, आणि मार्चच्या आत संपतो तो फक्त सिमेंटचा रस्ता. बरं, निदान जुना रस्ता उकरून मग नवा टाका, असं ती इंजिनिअरला म्हणाली. तो म्हणाला, "ताई, अंदाजपत्रकात उकरणं नाही, नुसतं टाकणं आहे." झालं! जुन्या रस्त्यावर नवा रस्ता बसला (त्या जुन्याच्या खालीही आधीच्या एका निवडणुकीचा रस्ता आहेच). आमच्या गल्लीत रस्ता दीड हात वर गेला आणि डाव्या अंगाची सगळी घरं, आमचं धरून, खाली राहिली (उजवी उंच जोत्यावर होती, ती वाचली). आधी आम्ही ओट्यावर बसून रस्त्यावरची माणसं बघायचो, आता रस्त्यावरची माणसं आमच्या ताटात काय वाढलंय ते बघत जातात. बायनाबाई म्हणाली, "सुनबाईनं रस्ता न्हाई केला, आमाला तळघर बांधून दिलं." तरी लोक खूश होते, खोटं कशाला बोलू. उद्घाटनाला इतके नारळ फुटले, की आठ दिवस गावात कोणी विकतचं खोबरं आणलं नाही.

खरी फजिती पुढं झाली. सिमेंटला पंधरा दिवस पाणी पाजावं लागतं. म्हणून रस्त्याचं काम घेतलेल्या गुत्तेदाराच्या माणसांनी रस्त्यावर मातीचे बांध घालून वाफे केले, आपण भुईमुगाला करतो तसे, आणि टँकरनं भरले. (प्यायला टँकर चार दिवसांआड, रस्त्याला रोज. असो.) गल्लीला उतार आहे. पाचव्या दिवशी सकाळी कोण्या शहाण्यानं सगळ्यात खालच्या वाफ्याचा बांध खोऱ्यानं मोडला, आणि तोही डाव्या अंगाला. उजव्या अंगाला मोडला असता तर पाणी गुमान नालीत गेलं असतं. खालचा वाफा रिता झाला तसा वरचा त्याच्यावर कोसळला, त्याच्यावर त्याच्या वरचा, आणि बघता बघता अकरा घरांत पाणी. मागच्या निवडणुकीत आम्ही घरोघर पाणी देऊ असा शब्द दिला होता, तो असा पुरा झाला. कणग्यांतली ज्वारी भिजली. राजेश्रीनं पदर खोचला आणि अकराही घरांची ज्वारी त्याच रस्त्याच्या कोरड्या टोकाला वाळत घातली. त्या एका दिवशी मात्र रस्ता समद्यांना आवडला.

मग निवडणूक लागली. डाव्या अंगाचे लोक रस्ता झाला म्हणून नाराज. दुसऱ्या गल्लीचे रस्ता झाला नाही म्हणून नाराज. राहिले उजव्या अंगाचे, ज्यांचं काहीच बिघडलं नव्हतं. ते म्हणाले, "समदं गाव नाराज हाय, मंग आमीच कसं खूश ऱ्हावं?" समोर उभा होता चंद्रभान. त्यानं उभ्या जन्मात गावात एक खडा आणला नव्हता, त्यामुळं त्याची चूकच सापडेना. तो घरोघर फिरला आणि म्हणाला, "सरपंचबाईनं रस्ता दिला, मी घरात उतरायला पायऱ्या देतो. घरटी तीन." लोकांना गहिवरून आलं.

आमच्या पॅनेलचे लोक राजेश्रीच्या मागं लागले, "ताई, बांध चंद्रभानच्या माणसांनी मोडला म्हणून सभेत सांगा, निदान शंभर मतं फिरतेत." ती म्हणाली, "मी न्हाई सांगणार. त्यानं मोडलेला न्हाई." कशावरून विचारलं, तर ती मतदार याद्या चाळायला बसली. हातापाया पडले, पण बाई हटली नाही. एकेचाळीस मतांनी पडली. निकाल ऐकून घरी आली, भाकरी थापल्या, आणि पहिल्यांदाच तिची भाकरी करपलेली मी बघितली. सगळ्यांनी ती खाल्ली.

आता चंद्रभान सरपंच आहे. पायऱ्यांना ठराव लागतो, अर्ज लागतात, पालमला खेटे घालावे लागतात, हे त्याला निवडून आल्यावर कळलं. म्हणून ज्यांनी तिला पाडलं तेच रोज सकाळी कागद घेऊन आमच्याकडं येतात आणि राजेश्री त्यांचे अर्ज लिहून देते. काल खुद्द चंद्रभान आला होता. ठराव लिहून घेतला, आणि चहात साखर कमी आहे म्हणाला.

व्याहीबुवा, मी बेजार झालो. सरकारचा पैसा येतो आणि जातो, पण जाताना गावातला रामराम घेऊन जातो. ज्यानं काही दिलं नाही त्याला लोक विसरतात, ज्यानं दिलं त्याला जन्मभर धरून ठेवतात, की असंच का दिलं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत आहे. म्हणून तुमचं म्हणणं मला सोळा आणे मान्य. या घरात पुन्हा निवडणूक नाही. आमच्या परमेश्वरलाही, म्हणजे तुमच्या जावयालाही, ते मान्य आहे (त्याला उलटं सांगितलं असतं तरी मान्य असतं). सुनेला आजच बजावून सांगतो.

लहानांना आशीर्वाद. मोठे आता आपण दोघंच उरलो, तेव्हा एकमेकांच्या तब्येती सांभाळू.

आपला,
सटवाजी

ता. क. बजावून सांगितलं. ती "बरं मामा" म्हणाली आणि पंचायत समितीचा अर्ज पुढं केला. जागा महिलांना सुटली आहे, गुरुवारी पालमला अर्ज भरायचा आहे. सूचक म्हणून माझी सही झाली आहे. आमच्या गणातल्या तीन गावांत तुमची भावकी राहते, तेव्हा बुधवारीच या. जीप मिळाली तर जीपनं, नाहीतर एसटी आहेच.

आणखी ता. क. खरं काम आता लिहितो. वाचून पत्र फाडून टाका. तो शहाणा मीच. खोरं घेऊन रानात निघालो होतो. समोर वाफा काठोकाठ भरलेला दिसला. पन्नास वर्षांचा हात, त्यानं डोक्याला विचारलंच नाही. बांध मोडला आणि पाणी पुढच्या वाफ्यात जायलंय का बघत उभा राहिलो. ते गेलं बायनाबाईच्या चुलीत. माझ्यापायी तुमची लेक पडली, आणि हे तिला सांगायला माझी जीभ उचलत नाही. तुम्ही बाप आहात. आल्यावर तिला बाजूला घेऊन तेवढं सांगा. एवढ्यासाठीच ही सगळी लांबण लावली.

शेवटचं ता. क. पाकीट आणायला दुकानात गेलो, तेवढ्यात राजेश्रीनं पत्र वाचलं. आधी मला चहा दिला. मग म्हणाली, "मामा, गल्लीत डावखुरे तुमी एकलेच. बांध कुण्या अंगानं मोडलाय ते मी त्याच सकाळी बघितलं होतं." मी म्हणालो, "मग बोलली का न्हाईस गं?" तर म्हणाली, "काय बोलू? लगीन होऊन आले तवा पाणी द्यायला तुमीच शिकवलं मला. भरलेला वाफा दिसला असता तर मी बी मोडलाच असता." मी चहा संपवला आणि पुन्हा पेन उचललं. एक निरोप मात्र तिनं मुद्दाम लिहायला लावला आहे: प्रचाराला आबांनी, म्हणजे तुम्ही, नक्की यावं, मामांनी घरीच बसावं.