परसातल्या नळीची किल्ली

मी, खाली सही करणार, वय एक्क्याऐंशी, शाळा सहावीपर्यंत, धंदा जमिनीला भोकं पाडण्याचा, आणि म्हणूनच गल्लीत भोकपाड्या म्हणून ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांना दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी ते वैतागले, म्हणजे खरंच असावं.

१. राहतं घर, दोन्ही खोल्या व परसू, माझ्या मुलीला. बँकेत जे असेल तेही तिलाच. गॅसची शेगडी बंद केल्यावर पुन्हा एकदा बघत जा, एवढीच अट.

२. मोठा पाना, साखळी आणि दांड्या, ज्या मशीनवर मी एकतीस वर्षं घालवली त्याच्या आजच्या कारागिराला. दांड्यांच्या आट्यांना ग्रीस लावायचं नाही. त्याला हे ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं.

३. हे कलम धाकट्या भावासाठी आहे. त्याने ते बसून वाचावं.

तुझा पेट्रोल पंप माझ्या घरापासून पन्नास पावलांवर. एकोणीस वर्षांपूर्वी शेजारच्या विहिरीला वास आला, तेव्हा जमिनीत पुरलेल्या टाक्यांची तपासणी आमच्याच कंपनीकडे आली. मी नको म्हणालो होतो. साहेब म्हणाले, "माती सगळ्यांची सारखीच असते." पाच भोकं पाडली. माती काचेच्या बाटल्यांत भरून बर्फाच्या पेटीत ठेवली. तिसऱ्या भोकाला दांडी अडकली, सुटेना. माझा जीव घाबरा झाला, आणि मी आट्यांना ग्रीस चोपडलं. असल्या कामात तेलाचं बोटही लागू द्यायचं नसतं, कारण मग तपासणीत तेच सापडतं. मी कोणाला बोललो नाही.

मातीत पेट्रोल निघालं आणि पंप बंद झाला. टाक्या वर काढल्या तर धड निघाल्या. गळती नळाच्या सांध्याला होती, आणि तो सांधा खणताना तुटून ढिगाऱ्यात गेला. तू सगळ्यांदेखत ओरडलास, "टाकीला एक भोक दाखव! मातीचा नमुना तूच नासवलास, दादा. शपथ घे, नाही म्हणून." मला शपथ घेता आली नाही. ग्रीस आठवलं. तू ते कबुली समजलास.

गेल्या महिन्यात धीर करून मी त्या वेळच्या इंजिनियर बाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्याच. "काका, तीन नंबरची बाटली आम्ही त्याच आठवड्यात बाद केली होती. ग्रीस वेगळं दिसतं, पेट्रोल वेगळं. बाकी चारही भोकांत पेट्रोल होतं." एकोणीस वर्षं मी ज्या बाटलीने झोप घालवली, ती आठवडाभरही टिकली नव्हती! त्यांनी दिलेली अहवालाची प्रत तुझ्यासाठी कपाटात वरच्या खणात आहे. आता शपथ घेतो. मी तुझं काही नासवलं नाही.

४. परसात जी लोखंडी झाकणाची नळी आहे (समोरच्या शिंप्याने तिच्यावर कुंडी ठेवू नये, शंभरदा सांगून झालं), तिच्याबद्दल. जमिनीखालचं पाणी तपासायला ती तेव्हाच पाण्यापर्यंत उतरवली होती. पहिल्यांदा तिच्यातून पारदर्शक नळकांड्यात नमुना वर काढला तो विसरता येत नाही. खाली पाणी, वर बोटभर सोनेरी पेट्रोल, मध्ये धाग्याएवढी रेघ. बाई म्हणाल्या, जमिनीखालचं पाणी चालतं, इथे दिवसाला चार बोटं. तुझं पेट्रोल माझ्याकडे दोन वर्षं चालत आलं होतं. आपण वर जेवत होतो, भांडत होतो, आणि खाली ते न थांबता येत होतं. मी आयुष्यभर भोकं पाडली, पण त्या दिवशी पहिल्यांदा पाय टाकायला भीती वाटली.

गेल्या महिन्यात बाईंनी कुलूप उघडून पुन्हा नमुना काढला. रेघ नव्हती. "कुठे गेलं?" मी विचारलं. म्हणाल्या, "थोडं पांगलं. बरंचसं मातीतल्या जिवांनी खाल्लं, काका. डोळ्यांना दिसत नाहीत असे." मी तिथेच उकिडवा बसलो. आपण दोघं भाऊ एकोणीस वर्षं फुगून बसलो, आणि ते बिचारे खाली गुपचूप आपलं निस्तरत होते.

५. म्हणून नळीची किल्ली धाकट्याला. नमुना त्याने ओढावा. वास मात्र माझ्या मुलीने घ्यावा, कारण पंपावर राहून त्याचं नाक मेलं आहे. काका-पुतणीने हे एकत्रच करायचं. वास आला नाही तर झाकण घाईने लावू नये. वाकून जरा आत बघावं.

वरील सर्व मी चार वेळा वाचलं, आणि साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवलं. कुंडीचं वाक्य आलं तेव्हा शिंपी खोकला.

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली
तारीख: चौदा मार्च

सही: भोकपाड्या (दादा)
साक्षीदार: १. समोरचा शिंपी २. कोपऱ्यावरची औषधवाली

ता. क. सही झाल्यावर शिंपी म्हणाला, काल त्याने धाकट्याला नळीचं सांगून टाकलं. (सांगायला नको होतं.) धाकटा म्हणाला म्हणे, "कुलूप जुनं आहे, अडेल. म्हाताऱ्याला सांग, तेल घालून ठेव."

तेल घालणार नाही. अडलं तर त्याने आत्ताच येऊन माझ्यासोबत तोडावं.