परदेशच्या कर्जात दिसणारा झोका

डिंडोली, सुरत
चैत्र उतरणीला

चि. बन्सीलाल यास सुरतच्या आक्काचा आशीर्वाद, एक हात डोक्यावर, दुसऱ्यानं कान धरून. सरलाबाईला माझं पुष्कळ सांग. तिची कंबर कशी आहे? तुझं उपसरपंचपण कसं आहे? (दोन्हीला औषध एकच, दुसऱ्यांपुढं वाकणं कमी करा.) माझे गुडघे दिवसभर बोलत असतात, पण मी त्यांचं ऐकत नाही. आणि एक आधीच सांगून टाकते. आखाजीच्या सणाला मला न्यायला ये, असं म्हणायला हे पत्र लिहीत नाहीये. तुझे दाजी गेल्यापासून तू एकदाही मुराळी होऊन आला नाहीस, मी कधी बोलले का? आताही बोलत नाही. हे पत्र कर्जाबद्दल आहे. पाणी पी, घाबरू नको. माझ्या नाही, सरकारच्या.

तुझ्या पंचायतीत भिंतीवर तो मोठा टीव्ही अन् वर कॅमेरा बसवलाय ना, तसाच इथं आमच्या वॉर्डाच्या ऑफिसातही बसवलाय. आपल्यासारख्या बाहेरगावच्या लोकांनी इथनंच गावच्या पंचायतीशी समोरासमोर बोलावं, दाखले-बिखले मागावेत, म्हणून. हे सगळं कुठल्याशा थंड देशाच्या कर्जातून आलंय. (देशाचं नाव हर्षदानं, म्हणजे तिथं बटणं दाबणाऱ्या पोरीनं, मला कितीदा सांगितलं. जिभेवर बसतच नाही, घसरून पडतं. बर्फाचा देश ना.) मशीनवाले चेतनभाई आम्हा बायांना समजावत होते, "मासी, आ लोन छे, दान नथी." व्याज नावालाच, पहिली कितीतरी वर्षं काही द्यायचं नाही, मग हळूहळू फेडायचं, आम्ही मेल्यावरसुद्धा फेडणं चालूच. शेजारची चंपाबाई म्हणाली, "असा सावकार आमच्या गल्लीत का येत नाही वं माय?" मग चेतनभाईंनी खरी गोम सांगितली. पैसे त्यांचे, पण मशीन त्यांच्याकडूनच घ्यायचं अन् बिघडलं तर दुरुस्तीही त्यांच्याकडंच. मी म्हटलं, हे तर आमच्या सासूबाईंचं झालं! शेजारणीला पीठ उसनं द्यायच्या, अन् भाकरी आपल्याच तव्यावर भाजायला लावायच्या. त्या निमित्तानं दोन भाकरी घरात राहायच्या. माझी सासू त्या देशात जन्माला आली असती तर अर्थमंत्री झाली असती.

आता तुला न विचारता एक गोष्ट केली, ती ऐक. साड्यांना खडे चिकटवून झाले की दुपारी मी त्या ऑफिसात जाऊन बसते. तिथं पंखा चांगला आहे. हर्षदा लाईन तपासायला म्हणून आपल्या गावाला जोडते. तुझी खुर्ची दिसते. तू दिसत नाहीस. (गावाला सांगत असशील, आत्ताच उठलो.) पण खुर्चीमागची खिडकी उघडी असते, अन् खिडकीत आपला निंब. त्याला पोरींनी आतापासूनच झोका बांधलाय. बन्सी, काय सांगू! हर्षदा म्हणते चित्र आधी आभाळात जातं अन् मग खाली येतं, म्हणून आवाज जरा मागं पडतो. झोका वर जातो, दोराचं कर्र कर्र मागाहून येतं. पोरगी खाली आलेली असते, तिचं हसणं अजून वरच असतं. मी बघत बसते. बघता बघता पायाखालची फरशी निघून जाते. पाय आपोआप पुढं-मागं व्हायला लागतात, लहानपणी व्हायचे तसे. एकदा तर डोळा लागला अन् झोक्याच्या फळीवर माझ्यासमोर त्या थंड देशातली बाई उभी. अंगात जाडजूड कोट, डोक्यावर टोपी, अन् झोका घेत मला आपल्या अहिराणीत विचारते, "कथा चालनी वं माय?" मी म्हटलं, कुठं नाही बाई, पंख्याखालीच आहे. ती म्हणाली, मग पाय कशाला झटकतेस? जागी झाले तर चप्पल टेबलाखाली गेलेली अन् हर्षदा तोंडाला ओढणी लावून हसत होती.

अन् एक दिवस टीव्ही काळा झाला. चित्र पकडणारं मशीन गेलं. चेतनभाई आले, मशीन काढून टेबलावर ठेवलं, खाली त्या देशाचं छापील खोकं उघडून ठेवलं अन् कुणाची सही आणायला गेले. हर्षदा जेवायला गेलेली. जाताना म्हणाली, "मावशी, लक्ष ठेवा, हे खोकं आज परत त्यांच्या देशात जायचंय." मी खोक्यात डोकावले. रिकामं! आता तूच सांग, आपल्या आईनं कधी कुणाची वाटी रिकामी परत केली का? साखर आणली तर वाटीत लोणच्याची फोड जायची, काहीच नसलं तर चार शेंगा जायच्या. एवढ्या मोठ्या देशानं एवढं उसनं दिलं, अन् भारत सरकार रिकामं खोकं परत पाठवणार? माझे ज्वारीचे बिबडे नुकतेच वाळले होते, पापडासारखे कडक. चंपाबाईला हाक मारली, ती उडदाचे पापड घेऊन आली. खोक्यात मऊ फोमचा खड्डाच होता, बिबड्यांसाठीच केल्यासारखा. मशीनवर धूळ बसू नये म्हणून ते उचलून कपाटावर ठेवलं, वर फडकं टाकलं. वरचं झाकण लावून आम्ही सभ्य बायांसारख्या घरी आलो. चेतनभाईंनी येऊन खोकं उचलून बघितलं, जड लागलं, चिकटपट्टी मारली, अन् माझे बिबडे विमानात बसले. मी अजून बसले नाही.

मग तिकडनं फोन. हर्षदा सांगते, त्यांच्या मोठमोठ्या इंजिनेरांनी बिबड्याला तारा लावून बघितल्या. वस्तू गोल आहे, पातळ आहे, विजेला दाद देत नाही, बहुतेक वाटेत फुटली, असं त्यांनी कळवलं. दिल्लीनं चेतनभाईंना जाब विचारला. बिचारा घामाघूम होऊन दारात, "मासी, मारी नोकरी जशे!" तेव्हा मात्र माझं हसू पळालं. मी म्हटलं, त्यांना सांगा, ती फुटलेली वस्तू तेलात तळा अन् मग बोला. नोकरीपायी माणूस काहीही करतो, त्यांनी तसंच कळवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, मशीन सावकाश पाठवा, तक्रार नाही, अन् असल्या वस्तू आणखी आहेत का? चेतनभाई वाचले. मशीन तिकडं गेलं. पण तेवढे दिवस टीव्ही काळा, अन् दुपार नुसती पंख्याची. निंब नाही, झोका नाही. चार भिंतींतल्या बाईला दुपार किती लांब असते, ते उपसरपंचाला कळायचं नाही.

बाकी क्षेम. बिबडे उरले आहेत, कुणी इकडं आलं तर देईन. इथंच पुरे करते, बोटाला खड्यांचा डिंक लागलाय, कागद सोडवत नाही.

तुझी थोरली,
आक्का

ता.क. तू का येत नाहीस ते मला कळतं रे. आखाजीला बाकीच्या बाया झोक्यावर अन् आक्काचं कपाळ मोकळं, तिच्या जिवाला लागेल. सरलाबाईही तसंच म्हणाली असेल. दोघंही चांगले आहात, अन् दोघंही येडे आहात. झोक्याला कुठं ठाऊक असतं कपाळावर काय आहे? बसेल तिला तो वर नेतो.

ता.क. दुसरा. हर्षदा म्हणते, मावशी, भुसावळची गाडी थेट आहे, बसा अन् जा. ती पोरगी सुरतेत जन्मली, तिला काय सांगणार. आखाजीला माहेरी आपणहून जाते ती पाहुणी, अन् जिला न्यायला येतात ती लेक.

ता.क. तिसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात हर्षदा धावत आली. नवं मशीन लागलं, चित्र आलं. गेले. खिडकी होती, निंब होता, अन् आज खुर्चीत तू होतास. किती पिकलास रे बन्सी. चष्मा शोधत होतास, कपाळावरच होता. हर्षदा म्हणाली, बोला मावशी, ते ऐकताहेत. मी तिचा हात धरला अन् बटण बंद करायला लावलं. भावाला आखाजीची आठवण करून द्यायला परदेशाचं कर्ज वापरलं, असं नको व्हायला. तू ये. दारात उभा राहून हाक मार, मी पहिल्या हाकेला ओ देणार नाही. दुसरी मारशील ना?