दामोदराच्या न्यायसभेत पहिली फिर्याद

प्रिय दामोदर,

तुझ्या नावामागे ‘चिरंजीव’ लिहिण्याची सवय हाताला इतकी जडली आहे की आजही तो शब्द उमटला आणि मला कागद बदलावा लागला. तुला जाऊन तीन वर्षे झाली. धाकट्याचे श्राद्ध थोरल्याने करावे, यापरता उफराटा विधी नाही. तो मी निमूटपणे केला. पत्र मात्र आज लिहितो आहे, कारण काल तुझ्या न्यायसभेची चोरी उघडी पडली, आणि चोराने मलाच मंगलाचरणाला बोलावले आहे!

आपल्या शाळेचे हेडमास्तर काल घरी आले होते. “पंडितजी, स्वराज्य आलं. आता नागरिकशास्त्र नुसतं पुस्तकातून शिकवून भागत नाही. वर्गातच न्यायसभा भरवायची! या शनिवारी ती पाहायला पाहुणे येऊन राहिले, मंगलाचरण तुम्हीच म्हणायचं. किती वर्षांपासून मी हे मनात घोळवून राहिलो होतो, काय सांगू तुम्हाला!”

मला सांगतो, दामोदर! मला!

आठवतो तुझा नववीचा वर्ग? शनिवारी शेवटच्या तासाला बाके भिंतीला लागत. इतिहास वाचायचा नाही, त्याची चौकशी करायची, हा तुझा हट्ट. ‘तलावाचे पाणी कोणाचे?’ हा खटला तू उभा केलास, तेव्हा मालगुजाराच्या मुलाला कूळ केलेस आणि केशोरीकडच्या एका कुळाच्या मुलाला मालगुजार. तलावाचे पाणी अडवणारी पाळ कोणी बांधली, हे मुले आठवडाभर गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारीत हिंडली. माझा संस्कृतचा वर्ग भिंतीपलीकडे. मालगुजाराचा मुलगा तावातावाने ओरडला, “पाळ आमच्या आज्यानं बांधली, मंग पाणी मागाले तुमच्या दारात काऊन यावं?” त्यावर मालगुजार झालेला तो दुसरा ऐटीत म्हणाला, “हळू बोल बे! पयले जोडे काढ, मंग बोल!” सारा वर्ग खदखदला, आणि माझी मुले रूपे विसरून हसू लागली.

घरी मी तुला टोकले, “हे अध्यापन की तमाशा?” तू म्हणालास, “दादा, तुमच्या सभेत पंडित बोलतात. माझ्या सभेत ज्याचं पाणी अडलं तो बोलतो.” त्या उत्तराचा मला किती राग आला होता!

मालगुजाराच्या मुलाने तोच प्रश्न घरी बापाला विचारला. बाप शाळेच्या समितीवर होता. तू मुलांना चिथावतोस, असा कागद हेडमास्तराने तयार केला आणि माझ्यापुढे ठेवला. “सही करून टाका, पंडितजी. सख्ख्या भावाची सही असली की समज देऊन मिटून जाईल.” कागदावर लिहिले होते, ‘समक्ष पाहिले’. मी काय पाहिले होते? एक भिंत! ऐकीव साक्ष तू नववीच्या पोराचीही फेटाळीत होतास, आणि मी, शास्त्रे पढलेला, सही करून मोकळा झालो.

तू मला एकदा तरी दूषण का दिले नाहीस? त्या सहीवर तुझी बदली झाली, तेव्हा वाकून नमस्कार केलास आणि जंगलपट्टीतल्या शाळेवर गेलास. तिथल्या हिवतापाने दोन पावसाळ्यांत तुला नेले. भांडला असतास तर मला थोडे हलके वाटले असते, हेही तुला कळले नाही?

क्रोध हा शत्रू, असे आयुष्यभर मुलांना सांगत आलो. कालपासून त्या शत्रूला मी देवघरात पाट मांडून बसवले आहे.

कारण जाताना हेडमास्तराने एक वही दिली. “यातले नियम तुमच्या सुंदर अक्षरात तक्त्यावर उतरवून द्या.” वही तुझी! नावाचे पान तेवढे फाडलेले. ज्याने तुझा हात धरून पहिली अक्षरे गिरवून घेतली, त्याला तुझे अक्षर ओळखू येणार नाही? आणि त्या मूर्खाने ते नियम वाचलेलेही नाहीत. तिसरा नियम असा आहे: खटला सुरू होण्याआधी सभेतल्या कोणासही फिर्याद मांडता येईल, आणि तीच आधी ऐकली जाईल.

दामोदर, हे माझे वचन. शनिवारी मी मंगलाचरण म्हणेन, एकही स्वर ढळू न देता. मग खाली बसणार नाही. तुझी वही उंच धरीन आणि पाहुण्यांदेखत फिर्याद मांडीन. पहिला आरोपी हेडमास्तर, दुसरा मी. मुलांनी मला जी शिक्षा सांगितली ती मी भोगीन. या वयात अब्रू जाईल, जावो. पण तो आरोपीच्या बाकावर बसेल, आणि पोरे त्याला एकेक प्रश्न विचारतील, आणि मी त्याला उठू देणार नाही.

क्षमा देवाला शोभते. मी त्याचा सेवक आहे, देव नव्हे.

तुझा अपराधी
दादा