नारिंगी ठिपक्याची चौथी आवृत्ती

२ जानेवारी
नवीन वही. मागच्या वर्षीची सोळा जानेवारीला बंद पडली, पण तेव्हा पेन खराब होतं.
संकल्प: पहाटे पाचला उठणे. रोज चालणे. लेन्सचा तक्ता मार्चअखेर पूर्ण करणे. पहिले दोन तिसऱ्यासाठीच आहेत.
उठलो पावणेआठला. कंबर धरली आहे.

३ जानेवारी
पुढे पुस्तकाच्या प्रस्तावनेत उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतो. एकच कंपनी, एकच पन्नास एमएमची लेन्स, हाताने फोकस करायची. वीस वर्षं बनत होती. लोकांना सगळ्या सारख्याच वाटतात. पण कारखाना मधूनच रिंगच्या खाचा बदलायचा, कधी अक्षरांची जाडी, कधी मागचे पाच स्क्रू तीनवर आणायचा. अशा एकूण तीन आवृत्त्या. हे नीट ओळखणारी माणसं जगात फार तर चाळीस असतील. आमच्या बिल्डिंगमध्ये मी एकटाच.
माझ्याकडे अकरा लेन्स आहेत. हिने विचारलं, फोटो कधी काढणार? ओळखणं आणि काढणं ही दोन वेगळी खाती आहेत, असं समजावलं. आमच्या ऑफिसात नाही का, फायली सांभाळणारे आम्ही वेगळे आणि वाचणारे वेगळे. ती म्हणाली, तुमच्याकडे वाचणारे आहेत का कोणी?

५ जानेवारी, रविवार
दादाकडे गेलो. चाळीस वर्षं त्याने फोटो स्टुडिओ चालवला. बंद करून आता सहा वर्षं झाली. दुकानाची पाटी गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवली आहे, नारिंगी अक्षरांची. वहिनी तिच्यावर पायपुसणी वाळत घालतात.
दादाने त्याची जुनी पन्नास एमएम दाखवली. आमच्याच कंपनीची! इतकी वर्षं मला कसं सुचलं नाही? अभ्यासासाठी मागितली. दादा म्हणाला, ने, पण वेळेत आण. नऊ मार्चला आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. लग्नानंतर हिचा पहिला फोटो मी याच लेन्सने काढला होता, आता त्या दिवशी याच लेन्सने एक काढायचाय. फिल्मचा रोल फ्रीजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात जपून ठेवला आहे.
दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली तरी त्याला कॅमेऱ्यातून नीट दिसत नाही. फोकस कसा करणार, विचारलं. म्हणाला, टेपने अंतर मोजायचं, रिंगवर तेवढा आकडा लावायचा. माणूस खोटं बोलेल, आकडा कशाला बोलेल?
दोन आठवड्यांत परत देतो म्हणालो. माझा शब्द म्हणजे शब्द.

७ जानेवारी, ऑफिस, ११.२०
दादाच्या लेन्सचा नंबर तिसऱ्या आवृत्तीचा. पण पुढची नावाची रिंग पहिल्या आवृत्तीची, जाड अक्षरांची! आणि रिंगवरचा खुणेचा ठिपका लाल हवा, तो नारिंगी. अशी लेन्स कुठेच नोंदलेली नाही.
ही चौथी आवृत्ती आहे. माझ्या भावाच्या कपाटात इतकी वर्षं पडून होती.
साहेबांनी मधेच एक फाईल मागितली. एक दिली.

९ जानेवारी
लेन्सवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकले. तिथे एक गृहस्थ आहेत, मी त्यांना पंडित म्हणतो. तीन शब्दांत उत्तर: दोन लेन्सची जोडाजोड.
जळतात. आयुष्यभर तीनच आवृत्त्या शिकवल्या, आता चौथी कशी मानतील? उंटावरचे शहाणे.
ठिपक्याच्या रंगाबद्दल अवाक्षर नाही. नारिंगी रंग काय आभाळातून पडला?

१९ जानेवारी
दोन आठवडे झाले. दादाचा फोन. अभ्यास नाजूक टप्प्यावर आहे, असं सांगितलं. तो म्हणाला, काय आजारी आहे का लेन्स? हसलो. त्याला संशोधन कळत नाही, पण मन मोठं आहे.
चालणं सोमवारपासून.

१ फेब्रुवारी, दुपार
पंडितांचं तोंड बंद करायचं तर आतला शिक्का पाहिला पाहिजे. चौथ्या आवृत्तीला आत वेगळा शिक्का असणारच. बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच आणला. जेवणाच्या टेबलावर उशीचा पांढरा अभ्रा पसरला. ही म्हणाली, ती तुमची नाही, भाऊजींची आहे. मी म्हणालो, डॉक्टर काय स्वतःचंच पोट उघडतो?
आत दोन नळ्या आट्यांनी एकमेकींत फिरतात, तेव्हा लेन्स पुढेमागे होते. त्या वेगळ्या होताना नेमक्या कुठे सुटतात तिथे आधी ओरखडा मारून खूण करावी, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते नवशिक्यांसाठी. माझी स्मरणशक्ती चांगली आहे.
शिक्का सापडला! सातचा आकडा. किंवा एक. किंवा ओरखडा.

३ फेब्रुवारी
नळ्या कुठे सुटल्या ते आठवत नाही. आट्यांची तोंडं बरीच आहेत आणि नळी कुठूनही आत शिरते. नऊ वेळा लावली. नवव्यांदा अगदी लोण्यासारखी फिरली, म्हणजे बरोबरच असणार. एक स्क्रू उरला. कारखान्यातून कधीकधी एखादा जास्तीचा येत असेल. काडेपेटीत ठेवला.
मान आखडली आहे. आजवर इतका कधी थकलो नव्हतो. ऑफिसात तर नाहीच.

६ फेब्रुवारी
महत्त्वाचा शोध. लेन्स कॅमेऱ्याला लावून खिडकीतून लांबच्या पाण्याच्या टाकीवर धरली. एरवी टाकी स्पष्ट दिसायला रिंग शेवटच्या अनंताच्या खुणेवर न्यावी लागते. पण ही लेन्स चार मीटरच्या आकड्यावरच टाकी स्पष्ट दाखवते! दुसरी कुठलीही आवृत्ती असं करत नाही.
तक्त्यात नोंदवलं. चौथ्या आवृत्तीचं वैशिष्ट्य क्रमांक पाच. कारखान्याने हे का केलं असेल यावर एक प्रकरण लिहिता येईल.

२३ फेब्रुवारी
दादाचा फोन, पाचवा. मी न्हाणीघरात होतो. म्हणजे हिला तसं सांगायला सांगितलं. तिने फोन न झाकताच विचारलं, न्हाणीघरात आहात असं सांगू का?
प्रकरणाचं पहिलं वाक्य जमत नाहीये.

८ मार्च
आज हिनेच लेन्स पिशवीत घालून दादाकडे पोचवली. मी उद्या स्वतः नेणार होतो. माझ्यावर कुणाचा विश्वासच नाही.

९ मार्च
दादाकडे कार्यक्रम. वहिनी छान दिसत होत्या. केसांत फूल, चेहऱ्यावर लाज. अडुसष्टाव्या वर्षी! दादाने त्यांना खोलीच्या मधोमध खुर्चीत बसवलं, कॅमेऱ्यापासून टेप लावला. दोन मीटर. टेपवरचा आकडा हिने वाचला, रिंगवरचा दादाने भिंग धरून लावला. मला म्हणाला, तू बाजूला हो, मागे दिसतोयस. पण चौथी आवृत्ती प्रत्यक्ष काम करताना जगात पहिल्यांदाच कोणी पाहणार होतं. मी मागे कपाटापाशी उभा राहिलो, जरा कडेला.
दादा मधेच थांबला. म्हणाला, रिंग हलकी वाटते रे, उघडली होतीस का? म्हणालो, पुसली.
पुसलीच होती. उघडून.
छत्तीसच्या छत्तीस काढले. वहिनी एकदाही कंटाळल्या नाहीत.

१४ मार्च
फोटो आले. सगळ्यांत वहिनी धूसर. फूल कुठलं आणि कान कुठला ते कळत नाही. मागे कपाटापाशी मी. इतका स्पष्ट की शर्टाचं तुटलेलं बटणही दिसतं. छत्तीस वेळा.
दादाने सगळे फोटो एकावर एक नीट रचले. मग म्हणाला, अंतर मोजलं होतं, आकडा लावला होता, तरी चुकलं. मलाच आकडा दिसला नसणार. संपले डोळे माझे. त्याने कॅमेरा पेटीत ठेवला, लेन्स ठेवली, स्टँड बांधला आणि सगळं माझ्या हातात दिलं. म्हणाला, तू ठेव. घरात हे कळणारा तूच एक.
लेन्स, कॅमेरा, स्टँड. तिन्ही मिळाली. आनंद व्हायला हवा होता. रिक्षात पेटी मांडीवर घेऊन बसलो, फार जड लागली.

१५ मार्च
संग्रह बारा लेन्सचा झाला.
वैशिष्ट्य क्रमांक पाच ग्रुपवर टाकलं. पंडितांचं उत्तर या वेळी लांबलचक: हे वैशिष्ट्य नव्हे. कोणीतरी गाढवाने लेन्स उघडून नळी चुकीच्या आट्यात बसवली आहे. आता रिंगवरचे सगळे आकडे खोटे. दोन मीटर लावाल तर चार मीटरवरचं स्पष्ट येईल.
लेन्स उघडल्याचं मी कुठेही लिहिलं नव्हतं.

१६ मार्च
हिने फोटो समोर ठेवला, मोबाईलवर पंडितांचं उत्तर ठेवलं, आणि टेप घेऊन दादाकडे जाऊन आली. कॅमेऱ्याच्या जागेपासून कपाटापर्यंत चार मीटर. बरोबर.
मी म्हणालो, त्याचे डोळे तसेही अधूच आहेत. ती म्हणाली, तुम्ही सांगताय का मी सांगू?
सांगणार आहे. मार्चअखेर ऑफिसात फार काम असतं. ते उरकलं की एक एप्रिलला. एक नको, दोनला. एकला त्याला थट्टा वाटेल.

१८ मार्च, ऑफिस
डबा खाल्ला नाही. जास्तीचा स्क्रू काडेपेटीसकट खिशात आहे. चालताना वाजतो.

१९ मार्च
वहिनींचा हिला फोन. दादा खोलीतून बाहेर येत नाही. आल्बम वर ठेवून दे म्हणाला. परवा वहिनींना जवळ बोलावलं, त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाला, पुढे दिसणार नाही, आत्ताच बघून घेतो. वहिनी फोनवर रडल्या. हीपण रडली.
पन्नास वर्षांत त्याने मला एकदाही फटकावलं नाही. माझी शाळेची फी भरली. नोकरीच्या अर्जावरचा माझा फोटोसुद्धा त्यानेच काढला होता, आणि तो स्पष्ट आला होता.
लाज वाटते. हे लिहून ठेवतो, म्हणजे उद्या नाकारता येणार नाही.

२० मार्च, रजा
सकाळी पाचला जाग आली. वर्षात पहिल्यांदा.
पेटी घेऊन हिच्याबरोबर गेलो. दादा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. वाटेत चार वाक्यं पाठ केली होती. तोंडातून एवढंच आलं: दादा, मी उघडली होती, आणि चुकीची लावली.
वाटलं, आता मारतो. तो उठून बसला. म्हणाला, परत सांग. परत सांगितलं. म्हणाला, म्हणजे मी आकडा बरोबर लावला होता? म्हटलं, हो. म्हणजे डोळे आहेत माझे? म्हटलं, आहेत.
त्याने वहिनींना अशी हाक मारली की शेजारचे दार उघडून पाहायला आले.
मग वर्तमानपत्र पसरून त्याने लेन्स उघडली. मी दिवा धरला. आट्याचं तोंड त्याने डोळे मिटून बोटांनीच शोधलं. पहिल्या फटक्यात. मी काडेपेटीतला स्क्रू पुढे केला. त्याने माझ्याकडे बघितलं, स्क्रूकडे बघितलं, बसवला.
चौथ्या आवृत्तीचं विचारलं. कसली आवृत्ती, म्हणाला. पुढची रिंग त्यानेच बदलली होती. पडून ठेचली होती, म्हणून एका मोडक्या लेन्सची काढून लावली. आणि ठिपका? ठिपका उडाला होता रे. पाटी रंगवली तेव्हाचा रंग उरला होता, काडीने भरला.
गॅलरीत पाटी होतीच, पायपुसणीखाली. अडीच महिन्यांत चार वेळा मी तिच्यासमोरून गेलो-आलो होतो.
माझ्या फ्रीजमध्ये सहा वर्षांपासून चार रोल आहेत. ही रिक्षाने जाऊन एक घेऊन आली. वहिनी म्हणाल्या, पुन्हा तयार होते, लग्न काय नऊ तारखेला संपलं? टेप लावला. दोन मीटर. मला दाराबाहेर उभं राहायला सांगितलं. राहिलो. नीट काढतोय का, एवढंच डोकावून पाहिलं.

२५ मार्च
तक्त्यातली चौथी आवृत्ती खोडली. पंडितांना ‘आभार’ एवढंच लिहिलं.
संध्याकाळी दादाबरोबर लॅबमध्ये गेलो. फोटो आले होते. वहिनी स्पष्ट. फुलाच्या पाकळ्या मोजता येतात, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यासुद्धा. दादाने फोटो नाकाला लावून पाहिला, मग लांब धरून पाहिला, मग परत नाकाला लावला.
एकात वहिनींच्या मागे दाराच्या कडेला काहीतरी धूसर दिसत होतं. लॅबवाला म्हणाला, मोठा करताना तो डाग काढून टाकू का?
दादा म्हणाला, राहू दे, भाऊ आहे माझा.