विमान जाईपर्यंत

सकल-पतंग-कुल-विध्वंसक, वायुसेना-वसाहत-चक्रवर्ती, अर्ध-चपाती-विभाजनाचार्य, ज्येष्ठबंधू श्रीमान जयप्रकाशराव यांच्या चरणकमली टोकियोस्थित कनिष्ठ सुशीलचा साष्टांग प्रणिपात.

दादा, इथे एका निवृत्त वायुसेना-तळाचे उद्यान झाले आहे. धावपट्टीवर आता तृण आहे. सायंकाळी ते एकाच दिशेने लवते, जणू एखादे अदृश्य विमान उतरत असावे. याच तळाच्या कुंपणालगत वाढलेल्या वृद्ध मोरी-सान तिथे भेटतात. परवा बोलताना त्या वाक्याच्या मध्येच थांबल्या, त्यांनी रिक्त आकाशाकडे पाहिले आणि त्याच शब्दापासून पुढे बोलू लागल्या. मीही श्वास रोखून थांबलो होतो.

"तुम्हीही तळावरचेच की," त्या हसल्या.

बाबांच्या वायुसेनेतल्या नोकरीत आपण असेच बोलायला शिकलो. विमान गडगडत आले की वाक्य हवेत धरायचे, ते गेले की पूर्ण करायचे. आई तर अर्धी शिवीसुद्धा जपून ठेवी.

गतवर्षी आई गेली, तेव्हा तू फोनवर म्हणालास, "सुशील, आता तू इकडे..." आणि थांबलास. वंशपरंपरेने मीही थांबलो. मग फोन बंद झाला. पुढचा शब्द 'ये' होता की 'येऊ नकोस', ते ठाऊक नाही. वर्ष झाले, विमान फारच लांबलचक दिसते.

हे पत्र धाडणार नाही. विमान जाण्यापूर्वी बोलणे हा आपल्या कुळात शिष्टाचारभंग होय.

तुझा प्रतीक्षारत अनुज,
सुशील

ता. क. इथल्या बाकांना पाठ नाही. उद्यान-कार्यालयास दोन सविनय निवेदने दिली. कंबर अद्याप उत्तराच्या प्रतीक्षेत आहे.