वाटेतलं भांडण

ठमीच्या बाबांना नमस्कार,

आम्ही दोघी मजेत. गोळ्या घेताय ना?

उद्या ठमीची मुलाखत, गाड्यांचा धूर कमी करायच्या कामासाठी. सरावाला मी साहेब होऊन प्रश्न विचारते. "अगं आई, साहेब भाजी निवडत नाहीत!" म्हणते.

आज विचारलं, गाडी सुरू होतानाच घाण धूर जास्त का? म्हणाली, धूर साफ करणारा भाग तापल्याशिवाय कामच करत नाही. अहो, हिचंही तेच! सुरुवातीला अडखळते, मग सुसाट. मागच्या मुलाखतीत हातची नोकरी त्या अडखळण्यातच गेली.

म्हणून उद्या कचेरीच्या फाटकापर्यंत मी सोबत जाणार आणि वाटेत भांडण काढणार. भांडताना ती कधीच अडखळत नाही. देवाची क्षमा आधीच मागून ठेवली आहे.

तुमचीच,
ठमीची आई